अल्ट्रा-वाइड प्राइम लेन्स निवडताना: एफ/१.४ की एफ/१.८ हा प्रश्न चौथा आहे

मिररलेस (आतला आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा घेतल्यावर वर्षभरात बहुतेकांना किट लेन्सची, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सची, रुंदी अपुरी पडू लागते. मग अल्ट्रा-वाइड प्राइमसाठी, म्हणजे खूप रुंद दाखवणाऱ्या पण झूम न होणाऱ्या लेन्ससाठी, मित्रांचे फोन येतात. "१४ घेऊ की २०? एफ/१.४ घेऊ की एफ/१.८ वर भागेल?" (पहिला आकडा फोकल लेन्थचा, मिलीमीटरमध्ये: तो जितका लहान तितकं दृश्य रुंद. दुसरा ॲपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या उजेडाच्या भोकाचा: तो जितका लहान तितका उजेड जास्त.) मी विचारतो, कशासाठी हवी आहे? उत्तर ठरलेलं असतं: "सगळ्यासाठीच." सहा महिन्यांनी तीच लेन्स 'फक्त चार वेळा वापरली' म्हणून विकायला निघालेली दिसते.

लेन्स वाईट नसते, क्रम चुकलेला असतो. लोक एफच्या आकड्यापासून सुरुवात करतात, मग ब्रँड, मग किंमत, आणि किती रुंद हवं हा विचार खोकं उघडल्यावर. खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. मधली एखादी गाळलीत तर पुढची पायरी चुकीचं उत्तर देईल.

## पायरी १. काम एका वाक्यात लिहा

कागद घ्या आणि पुढच्या वर्षभरात ही लेन्स ज्यासाठी दहा वेळा तरी बाहेर निघेल ते काम लिहा. 'लँडस्केप' असं मोघम नको. 'मे महिन्यात गडावरून आकाशगंगा', 'घरगुती गणपतीची आरती, दहा बाय बाराच्या खोलीत, फ्लॅशशिवाय', 'फ्लॅट विकायचे आहेत, खोल्यांचे फोटो', 'चालता चालता स्वतःचा व्हिडिओ' असं नेमकं लिहा.

मग त्या वाक्याला दोन प्रश्न विचारा. समोरचं हलतं का? आणि ट्रायपॉड लावता येतो का?

समोरचं स्थिर असेल आणि ट्रायपॉड चालत असेल, तर तुम्हाला मोठ्या ॲपर्चरची लेन्स नकोच आहे. खोल्यांचे, मंदिरांचे, वाड्यांचे फोटो एफ/८ वर निघतात. तिथे एफ/४ चा वाइड झूम जास्त उपयोगी पडतो आणि उरलेल्या पैशांत चांगला ट्रायपॉड येतो. हे वाचून तुमचं काम झालं असेल तर इथेच थांबा, खरंच.

समोरचं हलत असेल (माणसं, तारे, काजवे) आणि उजेड कमी असेल, तरच पुढे या.

पडताळणी: जुने फोटो ज्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवता तिथे फोकल लेन्थनुसार चाळा. किट लेन्सच्या सर्वांत रुंद टोकावर, म्हणजे १६ किंवा १८ मिमीवर, किती फोटो आहेत? तिथे गर्दी नसेल तर रुंदी अपुरी पडते हा केवळ भास आहे.

## पायरी २. कोन ठरवा, आणि तो खिशातल्या फोनने ठरवा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. सर्वांत जास्त पैसे इथेच बुडतात.

आजच्या बहुतेक फोनमध्ये ०.५ एक्स लिहिलेला कॅमेरा असतो. त्याचा कोन फुल फ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या) साधारण १३ मिमीइतका असतो. झूम करत ०.६ वर आलात की ढोबळमानाने १६ मिमी, ०.७५ च्या आसपास २० मिमी. फोनचा फोटो ४:३ असतो आणि कॅमेऱ्याचा ३:२, त्यामुळे आडव्या फोटोत कॅमेऱ्याला कडांना किंचित जास्त दिसेल. एवढा फरक सोडून द्या.

आता पहिल्या पायरीतल्या जागी जा आणि तोच प्रसंग या तिन्ही कोनांत टिपा. एकदा नाही, दोन-तीन वेळा. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहा. दर्जाकडे पाहू नका, मांडणीकडे पाहा. १३ मिमीवाल्या फोटोंत निम्मी चौकट रिकामी जमीन आणि रिकामं आकाश असेल, तर तो कोन तुमचा नाही.

खोलीचं गणित तर कागदावरच होतं. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. तुमच्यापासूनच्या अंतराला ३६ ने गुणा आणि फोकल लेन्थने भागा, की तेवढी रुंदी चौकटीत बसते. दहा फुटांवरून २४ मिमी १५ फूट दाखवते, २० मिमी १८ फूट, १६ मिमी साडेबावीस, तर १४ मिमी जवळजवळ २६ फूट. दहा बाय बाराच्या खोलीत समोरची भिंत पूर्ण यायला २० मिमी पुरते. १४ घेतलीत तर दोन्ही बाजूंच्या भिंती, पंखा आणि तुमच्याच चपलाही येतील.

रुंदीबरोबर दोन गोष्टी गळ्यात पडतात. पहिली, लांबचं सगळं लहान होतं. समोर कळसूबाईची रांग डोळ्यांना भव्य दिसते, पण १४ मिमीवर ती चौकटीच्या मधोमध एक बारीक दातेरी रेघ होते. अल्ट्रा-वाइड 'सगळं बसवण्यासाठी' घेतात त्यांची निराशा इथे होते. या लेन्सला जवळचं काहीतरी लागतं: हातभर अंतरावरचा दगड, तळ्याचा काठ, फुलांचा ताटवा.

दुसरी, कडेची माणसं ताणली जातात. हा काचेचा दोष नाही, सपाट सेन्सरवर रुंद दृश्य पसरवण्याचं भूमितीय मोल आहे. १४ मिमीच्या आडव्या फोटोत अगदी कडेला आलेलं गोल डोकं सुमारे १.६ पट रुंद होतं. २० मिमीवर १.३५ पट आणि २४ वर १.२५. लग्नातल्या ग्रुप फोटोत कडेला उभ्या असलेल्या मावशींना हे आकडे सांगून उपयोग नसतो. माणसं हे तुमचं मुख्य काम असेल तर २० च्या खाली जाऊ नका.

आकाशगंगेसाठी १४ च हवी, हा सरसकट समज मात्र खरा नाही. आपल्याकडून आकाशगंगेचा मध्यभाग दक्षिण क्षितिजावर जास्तीत जास्त साधारण ४२ अंश वर चढतो. पुण्याचं अक्षांश साडेअठरा आणि तो भाग खगोलीय विषुववृत्ताच्या २९ अंश दक्षिणेला, त्यावरून हा हिशेब येतो. २० मिमी लेन्स फुल फ्रेमवर उभी धरली तर खाली-वर ८४ अंश दाखवते. म्हणजे पायाजवळची जमीन, गडाची कडा, मध्यभाग आणि त्याच्यावर बरंचसं आकाश, सगळं एका फोटोत. पूर्ण कमान हवी असेल तर १४ नेही ती नीट बसत नाही, फोटो जोडावेच लागतात. आणि जोडायचेच असतील तर २० ने जोडलेले जास्त तपशीलवार येतात.

सावधान: दोन कोनांमध्ये मन अडकलं असेल तर कमी रुंद घ्या. २० ने काढलेले दोन फोटो जोडून १४ करता येतं. १४ कापून २० केलंत तर २४ मेगापिक्सेलपैकी जेमतेम १२ हातात राहतात.

## पायरी ३. सेन्सर आणि माउंट

दुसऱ्या पायरीतल्या सगळ्या फोकल लेन्थ फुल फ्रेमच्या. तुमचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) असेल तर ठरवलेला आकडा भागून घ्या: सोनी, फुजीफिल्म आणि निकॉनसाठी १.५ ने, कॅननसाठी १.६ ने, मायक्रो फोर थर्ड्‌ससाठी २ ने. २० चा कोन हवा तर १.५ वाल्या क्रॉपवर १३ मिमी, मायक्रो फोर थर्ड्‌सवर १० मिमी.

इथली नेहमीची चूक म्हणजे फुल फ्रेमच्या परीक्षणात वाखाणलेली २० मिमी क्रॉप बॉडीवर आणणं. ती तिथे ३० मिमीसारखी वागते. वाइडसुद्धा धड राहत नाही. उलटी चूकही होते: क्रॉपची लेन्स फुल फ्रेमवर लावली की कॅमेरा आपोआप मधलाच भाग वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचे साडेदहा उरतात. 'पुढे फुल फ्रेम घेणारच आहे' म्हणून आज क्रॉपवर जड लेन्स वागवणारे मी बरेच पाहिले. त्यांतल्या थोड्यांनीच पुढे फुल फ्रेम घेतला.

माउंटप्रमाणे, म्हणजे बॉडीवर लेन्स जिथे बसते त्या जोडाप्रमाणे, निवड किती मोकळी आहे ते पाहा. सोनी ई-माउंटवर सर्वांत जास्त पर्याय आहेत: फुल फ्रेमला सोनीच्या १४ मिमी एफ/१.८ आणि २० मिमी एफ/१.८, सिग्माच्या १४ मिमी आणि २० मिमी एफ/१.४, व्हिल्ट्रॉक्सची १६ मिमी एफ/१.८, क्रॉपला सोनीच्या ११ मिमी एफ/१.८ आणि १५ मिमी एफ/१.४, सिग्माच्या १२ मिमी आणि १६ मिमी एफ/१.४, व्हिल्ट्रॉक्सची १३ मिमी एफ/१.४. निकॉन झेड फुल फ्रेमला निकॉनची स्वतःची २० मिमी एफ/१.८ किंवा व्हिल्ट्रॉक्सची १६. एल-माउंटला पॅनासोनिकची १८ मिमी एफ/१.८ आणि सिग्मा. फुजीला स्वतःची १६ मिमी एफ/१.४, शिवाय सिग्माची १२ आणि व्हिल्ट्रॉक्सची १३. मायक्रो फोर थर्ड्‌सला पॅनासोनिक लायकाची ९ मिमी एफ/१.७, वजन अवघं १३० ग्रॅम.

कॅनन आरएफवाल्यांनी जपून. क्रॉप बॉडीसाठी २०२४ पासून सिग्माच्या लेन्स आल्या आहेत, पण फुल फ्रेमला ऑटोफोकसच्या वाइड प्राइमसाठी मुख्यतः कॅननकडेच पाहावं लागतं. तिथे स्वस्त १६ मिमी एफ/२.८ आणि २०२५ मध्ये आलेली महागडी २० मिमी एफ/१.४ यांच्यामध्ये मोठी दरी आहे.

## पायरी ४. आता एफचा आकडा

एफ/२.८ च्या तुलनेत एफ/१.८ सुमारे २.४ पट उजेड आत घेते आणि एफ/१.४ चौपट. हा फरक खरा आहे. आरतीच्या वेळी १/१२५ सेकंदाला एफ/२.८ वर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे वाढतात) ६४०० लागत असेल, तर एफ/१.८ वर तो २६०० च्या आसपास येतो.

पण एफ/१.८ वरून एफ/१.४ वर गेल्याने फक्त दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) मिळतो आणि वजन मात्र उडी मारतं. सोनीची २० मिमी एफ/१.८ आहे ३७३ ग्रॅम, सिग्माची २० मिमी एफ/१.४ आहे ६३० ग्रॅमच्या आसपास. १४ मध्ये तर सोनीची एफ/१.८ ४६० ग्रॅम आणि सिग्माची एफ/१.४ ११०० ग्रॅमच्या वर, सोबत ट्रायपॉडची कॉलर. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना त्या दोन तृतीयांश स्टॉपचा हिशेब तुमची पाठच करते. गाडी जिथपर्यंत जाते तिथूनच फोटो काढणार असाल तर गोष्ट वेगळी.

ताऱ्यांसाठी शटर किती वेळ उघडं ठेवता येतं तेही पाहा. जुना ५०० चा नियम (५०० भागिले फोकल लेन्थ) आजच्या सेन्सरवर तारे ओढतो. त्याऐवजी हे करा: एफच्या आकड्याला ३५ ने गुणा, पिक्सेलच्या आकाराला (मायक्रॉनमध्ये) ३० ने गुणा, दोन्हींची बेरीज फोकल लेन्थने भागा. २४ मेगापिक्सेल फुल फ्रेमचा पिक्सेल जवळपास ६ मायक्रॉनचा. २० मिमी एफ/१.८ साठी उत्तर १२ सेकंद. ५०० चा नियम २५ सांगतो, म्हणजे दुप्पट. याच हिशेबाने १४ मिमी एफ/२.८ ला २० सेकंद मिळतात, तरीही २० मिमी एफ/१.८ बारा सेकंदांत सेन्सरवर तिच्या जवळजवळ दीडपट उजेड पाडते.

काजव्यांचं गणित निराळं. लुकलुक क्षणाची असते, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं ठेवून ती उजळत नाही. फक्त मोठं ॲपर्चर आणि आयएसओ उपयोगी. पण फार रुंद लेन्समध्ये काजवा टाचणीच्या टोकाएवढा होतो. राजमाची-भंडारदऱ्याच्या काजव्यांसाठीच लेन्स घेत असाल तर हा लेख बंद करून २४ किंवा ३५ मिमी एफ/१.४ शोधा.

सावधान: पार्श्वभूमी विरघळवण्यासाठी अल्ट्रा-वाइड एफ/१.४ घेऊ नका. २० मिमी एफ/१.८ ला साडेसात मीटरवर फोकस केलं तर पावणेचार मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट दिसतं. धूसर पार्श्वभूमी हवी तर विषय हातभर अंतरावर आणावा लागेल.

## पायरी ५. सॉफ्टवेअर झाकतं आणि झाकत नाही असे दोष

परीक्षणं वाचताना मधला भाग किती धारदार यावर डोळे खिळतात. आज जवळजवळ सगळ्याच लेन्सचा मधला भाग चांगला असतो. तुम्ही वाचायचे ते कोपरे, आणि तेही पूर्ण उघड्या ॲपर्चरवरचे.

कॉमा आणि त्याचा भाऊबंद अस्टिग्मॅटिझम हे रात्रीच्या फोटोंचे शत्रू. कोपऱ्यातला तारा ठिपका न राहता पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा दिसतो. हे कोणत्याही सॉफ्टवेअरने सरळ होत नाही. एफ/१.४ ची लेन्स कोपऱ्यातल्या पक्ष्यांपायी तुम्हाला एफ/२ वर आणावी लागणार असेल, तर एफ/१.४ चे पैसे कशाचे दिलेत? विकत घेण्याआधी त्या लेन्सचे पूर्ण उघड्या ॲपर्चरवर काढलेले ताऱ्यांचे मूळ आकाराचे फोटो शोधून चारही कोपरे मोठे करून पाहा. वेबवर लहान करून टाकलेल्या फोटोवर विश्वास ठेवू नका.

कोपऱ्यांतला अंधार सॉफ्टवेअरने उजळतो, पण फुकट नाही. कोपरा दोन स्टॉपने काळवंडलेला असेल आणि तुम्ही आयएसओ ३२०० वर असाल, तर उजळल्यावर त्या कोपऱ्यात १२८०० सारखे दाणे दिसतील.

रेषांची वक्रता मिररलेसच्या लेन्समध्ये बऱ्याचदा मुद्दाम राहू दिलेली असते, म्हणजे लेन्स लहान आणि स्वस्त होते. कॅमेरा ती आतल्या आत सरळ करून दाखवतो. कॅननची १६ मिमी एफ/२.८ याचं ठळक उदाहरण: १६५ ग्रॅम वजन, पण दुरुस्ती बंद केली तर रॉ फाइलचे (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलचे) कोपरे चक्क काळे दिसतात. दिवसाच्या फोटोला हे चालतं. कोपऱ्यात तारे हवे असतील तर आधीच ताणलेला कोपरा हाती येतो.

दिव्यांची भुतं, म्हणजे फ्लेअर, हा आपल्याकडे दुर्लक्षित मुद्दा. रुंद चौकटीत रस्त्याचा एखादा दिवा येतोच येतो. दिवाळीच्या रोषणाईत तर पन्नास येतात. व्हिडिओवाल्यांनी फोकस बदलताना चौकट आत-बाहेर होते का तेही बघून घ्यावं.

## पायरी ६. पुढची काच, फिल्टर आणि दव

१४ मिमीच्या बहुतेक वेगवान लेन्सची पुढची काच फुगीर असते आणि समोर फिल्टरचे आटे नसतात. सोनी १४ मिमी एफ/१.८ आणि सिग्मा १४ मिमी एफ/१.४ या दोन्हींत फिल्टर मागच्या बाजूला, पातळ चकतीच्या रूपात लावायचा. पावसाळ्यात धबधब्यासमोर उभं राहून लेन्स काढून मागे चकती बसवणं किती जमेल ते स्वतःला विचारा. मी एकदा केलं. चकती बसली, पण सेन्सरवर पडलेला थेंब पुसून घ्यायला कॅमेरा दुकानात द्यावा लागला.

धबधबे आणि समुद्र हे काम असेल तर समोर आटे असलेली लेन्सच घ्या. सोनी २० ला ६७ मिमी, निकॉन २० ला ७७, व्हिल्ट्रॉक्स १६ ला ७७, सिग्मा २० ला ८२. हातात आधीपासून ७७ चे फिल्टर असतील तर निवड करताना तेही धरा. मोठ्या आकाराचे चांगले फिल्टर स्वस्त नसतात.

पोलरायझर इतक्या रुंद कोनावर आकाशात गडद निळा पट्टा पाडतो. पानांवरची आणि पाण्यावरची चकाकी काढायला वापरा, आकाशासाठी नको.

दव: हिवाळ्यात आणि पावसाळ्याच्या आधी मध्यरात्रीनंतर पुढची काच हळूहळू धुरकट होते आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते कळतच नाही. पॉवर बँकवर चालणारा गरम पट्टा लेन्सभोवती बसेल का, हे पाहून ठेवा. सिग्माच्या १४ आणि २० एफ/१.४ वर तो घसरू नये म्हणून खास कडा ठेवलेली आहे.

## पायरी ७. फोकस कसा धरणार?

तारे, खोल्या, इमारती एवढंच काम असेल तर मॅन्युअल लेन्स पैसे वाचवते. सामयांगची १२ मिमी एफ/२ क्रॉपवर वर्षानुवर्षं लोक वापरत आले आहेत. माणसं किंवा व्हिडिओ असेल तर ऑटोफोकस घ्याच.

कॅमेऱ्याशी बोलणारे विद्युत संपर्कबिंदू नसलेली मॅन्युअल लेन्स लावली की पहिल्याच दिवशी कॅमेरा फोटो काढायला नकार देऊ शकतो. मेनूत 'लेन्सशिवाय शटर' हा पर्याय चालू करा. बॉडीत स्थिरीकरण (हाताची थरथर सावरणारी सोय) असेल तर फोकल लेन्थ हाताने भरा, नाहीतर ते चुकीच्या अंदाजाने हलेल.

ऑटोफोकसवाल्या लेन्सचं रिंग बहुधा मोटरला नुसता इशारा देतं. अशा लेन्सवर ताऱ्यांना फोकस लावून कॅमेरा बंद केला, किंवा तो आपोआप झोपला, की फोकस हलू शकतो. काही बॉडींत फोकस लक्षात ठेवायचा पर्याय असतो, तो आधीच शोधा. सिग्माच्या २० मिमी एफ/१.४ ला फोकस जिथल्या तिथे कुलूपबंद करण्याचा खटका आहे, आणि थंडीत हातमोजे घालून काम करताना त्याची किंमत कळते.

सावधान: रिंग शेवटपर्यंत फिरवली म्हणजे अनंतावर फोकस झाला असं नाही. बहुतेक लेन्स त्याच्या थोड्या पुढेही जातात. तेजस्वी तारा किंवा लांबचा दिवा पडद्यावर मोठा करून, ठिपका सर्वांत लहान होईल तिथे थांबा.

## पायरी ८. पैसे देण्याआधी

दोन नावांवर आलात की एक शनिवार-रविवार लेन्स भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत ओळखपत्र आणि अनामत ठेवून मिळते. पहिल्या पायरीतलं काम तिच्यावर करून पाहा.

नवी घेताना लेन्सवरचा, खोक्यावरचा, बिलावरचा आणि वॉरंटी कार्डावरचा क्रमांक जुळवा. बिल जीएसटीचं हवं. 'इम्पोर्टेड, दुकानाची वॉरंटी' याचा अर्थ कंपनीचं भारतातलं सर्व्हिस सेंटर हात वर करू शकतं. ऑनलाइन मागवलीत तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि परत करण्याची मुदत किती दिवसांची, परत की फक्त बदलून, हे ऑर्डर करण्याआधी वाचा. पुढची पायरी त्याच मुदतीत उरकायची आहे.

जुनी घेत असाल तर ॲपर्चर उघडं ठेवून मागून टॉर्च मारा. कोळिष्टकासारखे बारीक तंतू दिसले की ती बुरशी. मुंबई आणि कोकणात कपाटात राहिलेल्या लेन्समध्ये हे हमखास पाहावं. धुळीचे चार कण चालतात, बुरशी नाही.

## पायरी ९. हाती आलेली लेन्स गच्चीवर तपासा

एकाच मॉडेलच्या दोन लेन्स सारख्या नसतात. आतली एखादी काच केसभर सरकलेली असेल तर एक कोपरा कायमचा मऊ राहतो. वेगवान वाइड लेन्समध्ये हे लगेच उघडं पडतं, आणि बहुतेक जण ते पहिल्या ट्रेकवरून परत आल्यावर, मुदत संपल्यावर पाहतात.

रात्रीची तपासणी आधी. गच्चीवर ट्रायपॉड लावा. दोनेकशे मीटरवरचा एकटा दिवा निवडा, टॉवरवरचा लाल दिवा उत्तम. यूव्ही फिल्टर काढा. स्थिरीकरण बंद, कॅमेऱ्यातल्या लेन्स दुरुस्त्या बंद, रॉ, दोन सेकंदांचा टायमर, ॲपर्चर पूर्ण उघडं. दिवा भगभगीत न होता ठिपका दिसेल इतका शटर वेग ठेवा.

दिवा मधोमध आणून पडद्यावर मोठा करा, फोकस लावा आणि मॅन्युअलवर टाका. यानंतर रिंगला हात लावायचा नाही. ट्रायपॉडचं डोकं फिरवत तोच दिवा चारही कोपऱ्यांत आणून एकेक फोटो काढा. संगणकावर चारही कोपरे शेजारी शेजारी ठेवा.

कोपऱ्यांतला ठिपका देखणा नसेल, तो मधल्यासारखा होणारच नाही. पाहायचं ते सारखेपण. चारही कोपऱ्यांत सारख्याच आकाराचे, मध्याकडे तोंड केलेले पंख दिसले तर तो त्या लेन्सचा स्वभाव. तीन कोपऱ्यांत छोटे पंख आणि चौथ्यात मोठा फराटा दिसला तर ही प्रत बिघडलेली आहे.

फोकसचं प्रतल, म्हणजे लेन्स ज्या पृष्ठावर फोकस धरते ते, सपाट नसून वक्र असेल तर चारही कोपरे सारखेच मऊ दिसतात. शंका आली तर दिवा कोपऱ्यात ठेवूनच फोकस लावा. तिथे तो नीट धारदार होत असेल तर काच ठीक आहे, प्रतल वक्र आहे. आकाश टिपताना मग फोकस मध्य आणि कोपरा यांच्या अधेमधे लावावा लागेल.

दुसऱ्या दिवशी उजेडात शंभर मीटरच्या पुढची इमारत घ्या आणि तिचा तोच खिडकीचा गज चारही कोपऱ्यांत आणा. दोन मीटरवरच्या विटांच्या भिंतीवर तपासू नका. कॅमेरा भिंतीला एखाद्या अंशाने जरी तिरका असला तरी एक बाजू मऊ दिसते आणि चांगली लेन्स परत जाते. मी अशी एक परत केली होती. बदलून आलेली तिच्यापेक्षा वाईट निघाली.

ऑटोफोकससाठी प्रत्येक वेळी आधी मुद्दाम फोकस बिघडवून एकाच वस्तूचे दहा फोटो काढा, पूर्ण उघड्या ॲपर्चरवर. दहापैकी दोन-तीन हुकत असतील तर बॉडी आणि लेन्स दोन्हींचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करून पुन्हा करा.

तक्रार करायची वेळ आली तर दुकानदाराला 'शार्प नाही' असं सांगू नका. चार कोपऱ्यांचे चार तुकडे एका चित्रात लावा, त्यावर ॲपर्चर आणि तारीख लिहा, सोबत मूळ रॉ फाइली द्या. यूव्ही फिल्टर परत चढवायचा तो मुदत संपल्यावर, आणि रात्री दिवे टिपताना तेव्हाही काढून ठेवायचा.